जड वस्तूंची हजेरी : कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या स्वयंचलित नोंदीतील नामविचार

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत 'जडवस्तू संग्रह नोंदवही' या नावाची एक वही असते. बोलताना तिला सारेजण 'डेडस्टॉक रजिस्टर' म्हणतात. खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला क्रमांक आणि वहीतील क्रमांक यांचा मेळ वर्षातून एकदा घालावयाचा, एवढीच तिची कार्यपद्धती. या नोंदवहीच्या नावातील 'जड' या विशेषणात एक गृहीतक दडलेले आहे. वस्तू स्वतः काही सांगत नाही. ती कोठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे कोणीतरी माणसाने जाऊन पाहिले पाहिजे, असे ते गृहीतक होय. खुर्चीच्या बाबतीत ते आजही खरे आहे. परंतु परस्परांशी जोडलेल्या संगणकांच्या बाबतीत ते राहिलेले नाही. मोठ्या कंपनीतील लॅपटॉप, प्रिंटर, राउटर, मोबाइल ही उपकरणे ठराविक काळाने आपण होऊन, किंवा विचारल्यावर, आपले अस्तित्व कळवितात आणि नोंदवही माणसाचा हात न लागता भरत जाते.

हा विषय अभियंत्यांचा आणि हिशेबनिसांचा. भाषाभ्यासकांनी त्यात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या यंत्रणांना येणाऱ्या अडचणींपैकी बऱ्याच अडचणी विजेच्या नसून नामाच्या आहेत. यंत्रणा वस्तूचा पाठपुरावा करीत नाही. वस्तूने उच्चारलेल्या नामाचा करते. नाम आणि वस्तू यांची फारकत जेथे होते तेथे नोंद चुकते, आणि वस्तू व माणूस यांची गल्लत जेथे होते तेथे नोंद अन्याय करते. पहिल्या प्रकारची चूक दुरुस्त करता येते. दुसरीकडे आपले लक्ष फारसे जात नाही, म्हणून तिचा विचार या लेखात थोडा विस्ताराने करावयाचा आहे.

कंपन्यांना ही नोंद हवी असते याची कारणे थोडक्यात सांगता येतील. लेखापरीक्षकांच्या अहवालासंबंधीच्या २०२० च्या आदेशानुसार, कंपनीने आपल्या यंत्रसामग्रीचे संख्या आणि स्थान यांसह पूर्ण तपशील ठेवले आहेत किंवा नाहीत, आणि वाजवी कालांतराने त्यांची प्रत्यक्ष पडताळणी केली आहे किंवा नाही, हे परीक्षकाला सांगावे लागते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपसारख्या उपकरणांचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे आणि सर्व्हरचे ६ वर्षे धरले आहे. घसारा त्यावर ठरतो. याहून निकडीचे कारण सुरक्षिततेचे. जे उपकरण आपल्याकडे आहे हेच ठाऊक नाही त्याचे रक्षण करता येत नाही. म्हणूनच 'सीआयएस कंट्रोल्स' या नावाने जगभर वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा-नियमावलीत पहिलेच कलम उपकरणांच्या यादीचे आहे. २०२० नंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली आणि कार्यालयात फिरून मोजदाद करणे अनेक ठिकाणी अशक्यच झाले.

येथे एका शब्दाविषयी. या व्यवहारास इंग्रजीत जे 'ट्रॅकिंग' म्हणतात त्याला मराठीत 'माग काढणे' किंवा 'मागोवा घेणे' असे सहज म्हटले जाईल. 'माग' हा 'मार्ग' शब्दाचा तद्भव. जाणाऱ्याची पावले भुईवर उमटतात आणि माग काढणारा ती वाचतो. पाऊल उमटविणाऱ्याचा तसा हेतू नसतो, किंबहुना ते उमटू नये अशीच अनेकदा त्याची इच्छा असते. प्रस्तुत यंत्रणांचे बहुतांश काम असे नाही. तेथे उपकरणाला हाक मारली जाते आणि ते 'ओ' देते. ही हजेरी झाली, माग नव्हे. आपल्या कार्यालयीन मराठीत 'हजेरी' आणि 'मस्टर' हे दोन शब्द असताना त्यांना डावलून 'मागोवा' वापरणे मला तितकेसे बरोबर वाटत नाही. मात्र हजेरी घेता घेता ती मागात कधी रूपांतरित होते, हाच पुढे प्रश्न आहे.

साधनांचा इतिहास रंजक आहे, पण तो ओझरताच पाहू. बारकोडचे एकस्व नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांना १९५२ साली अमेरिकेत मिळाले. मोर्सच्या लिपीतील बिंदू आणि रेघा वाळूत बोटांनी खाली ओढल्या असता जाड-बारीक पट्ट्या तयार होतात, हे वुडलंड यांना समुद्रकिनाऱ्यावर सुचले. दुकानातील गल्ल्यावर त्याचा प्रत्यक्ष उपयोग व्हावयास २६ जून १९७४ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी च्युइंगमचे एक पाकीट अशा रीतीने प्रथम विकले गेले. बारकोड वाचण्यासाठी तो डोळ्यासमोर धरावा लागतो. म्हणजे ही सुधारलेली पांढऱ्या रंगाची खूणच. त्यापुढील पायरी रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या चकतीची. परावर्तित लहरींच्या द्वारा संदेश देता येईल, अशी मांडणी हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली एका निबंधात केली होती. टोलनाक्यावरील 'फास्टॅग' हा तिचाच वंशज. या चकतीत स्वतःची वीज नसते. वाचकयंत्राच्या लहरीतूनच तिला बळ मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठविते. धातूच्या पृष्ठावर साधी चकती नीट चालत नाही, त्यामुळे लॅपटॉपसाठी वेगळ्या घडणीची लागते. असो. या दोन्ही साधनांत नाव वस्तूला बाहेरून चिकटविलेले असते. खूण खरवडली की नाव गेले.

खरा पालट झाला तो जाळ्याने जोडलेल्या यंत्रांमुळे. १९८८ साली जाळ्यातील उपकरणांना प्रश्न विचारण्याची एक साधी नियमपद्धती प्रसिद्ध झाली. 'एसएनएमपी' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. व्यवस्थापक-संगणक विचारतो : तुझे नाव काय, तू किती वेळ चालू आहेस, तुझ्यातून किती संदेश गेले? राउटर किंवा प्रिंटर ठरलेल्या साच्यात उत्तर देतो. लॅपटॉप आणि मोबाइल यांच्या बाबतीत याऐवजी एक लहानसा कार्यक्रम त्या उपकरणातच बसविला जातो. तो आतून पाहतो आणि मध्यवर्ती सर्व्हरला कळवितो : क्रमांक, स्मृतीचे आकारमान, बसविलेले कार्यक्रम, शेवटी कोणी प्रवेश केला, कोणत्या जाळ्यातून. या कार्यक्रमास तंत्रज्ञांच्या बोलीत 'एजंट' म्हणतात. मराठीत याला 'गुमास्ता' म्हणावे असा मोह होतो. मालकाच्या वतीने परगावी बसून वर्दी देणारा, तोच हा.

आता नामांकडे वळू. पतंजलीने महाभाष्यात शब्दांची प्रवृत्ती चार प्रकारची मानली आहे : जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा. 'गाय' हा जातिशब्द, 'पांढरी' हा गुणशब्द, 'चालणारी' हा क्रियाशब्द. 'डित्थ' हा यदृच्छाशब्द, म्हणजे ठेवणाऱ्याच्या मर्जीखेरीज ज्याला दुसरा आधार नाही असे व्यक्तिनाम. मोबाइलचा जो १५ अंकी 'आयएमईआय' क्रमांक असतो त्याची या दृष्टीने फोड करून पाहावी. पहिले ८ अंक उपकरणाचा प्रकार सांगतात. त्या मॉडेलच्या असंख्य संचांत ते समान असतात. हा जातिशब्द. पुढील ६ अंक त्या एका संचापुरते, विशुद्ध यदृच्छाशब्द. शेवटचा एक अंक काहीच सांगत नाही. तो केवळ आधीचे १४ अंक नीट उच्चारले गेले की नाही याची साक्ष देतो. जाळ्याशी जोडणाऱ्या प्रत्येक भागाला जो ४८ बिटांचा 'मॅक' पत्ता असतो त्याचीही घडण अशीच आहे. पहिली २४ बिटे आयईईई ही अभियंत्यांची संस्था निर्मात्याला वाटून देते आणि उरलेली निर्माता स्वतः भरतो. आडनाव वारशाने, पाळण्यातले नाव घरच्यांनी.

त्या साक्षीदार अंकाविषयी थोडे थांबून सांगणे योग्य होईल, कारण भाषेतील एका परिचित गोष्टीशी त्याचा सांधा जुळतो. तो काढण्याची रीत आयबीएममधील हान्स पीटर लून यांची. तिचे एकस्व १९६० चे. समजा, क्रमांक ४७३२ आहे. उजवीकडून आरंभ करून एकाआड एक अंक दुप्पट करावा. गुणाकार दोन अंकी आला तर त्याच्या अंकांची बेरीज घ्यावी. २ चे ४, ३ तसाच, ७ चे १४, म्हणजे ५, ४ तसाच. बेरीज १६. पुढील पूर्ण दशक २० व्हावयास ४ हवेत, म्हणून ४७३२४. एखाद्या कारकुनाने घाईत पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ७४३२४ लिहिले, तर बेरीज २२ होऊन शेवटी ८ यावयास हवे होते, हे यंत्राला तत्काळ कळते. एका अंकाची कोणतीही चूक या रीतीने पकडली जाते. शेजारच्या अंकांची अदलाबदलही पकडली जाते, अपवाद फक्त ० आणि ९ यांच्या जोडीचा. 'ती मुलगी आली' या तीन शब्दी वाक्यात स्त्रीलिंग तिन्ही शब्दांत व्यक्त झालेले असते. काटकसरीच्या दृष्टीने हे अनावश्यक, पण एखादा शब्द ऐकू आला नाही तरी त्यामुळे अर्थ तगतो. अतिरिक्तता हा भाषेचा दोष नसून विमा आहे, हे या क्रमांकांच्या रचनाकारांना स्वतंत्रपणे उमगले होते.

उपकरणाला आणखीही नावे असतात आणि ती सारी एका योग्यतेची नाहीत. 'आयपी' पत्ता हे वस्तुतः नावच नव्हे. 'तिसऱ्या बाकावरचा विद्यार्थी' या वर्णनासारखे ते आहे. आज जो तेथे बसला त्याला लागू, उद्या दुसऱ्याला. कार्यालयातील जाळे हा पत्ता काही तासांपुरता किंवा दिवसांपुरता भाड्याने देते. व्यवस्थापक ठेवतो ते नाव, उदाहरणार्थ 'पुणे-लेखा-०७', हे दिसते नावासारखे, पण ते दडपलेले वर्णन आहे. तो संगणक नागपूरच्या भांडारात गेला की वर्णन खोटे पडते, आणि नाव मात्र चालू राहते. सॉल क्रिप्की यांनी १९७० साली प्रिन्स्टन येथे दिलेल्या व्याख्यानांत नाम आणि वर्णन यांच्यात जो भेद केला त्याचे याहून रोखठोक उदाहरण मला ठाऊक नाही. वर्णन खोटे ठरले तरी नाम आपल्या वस्तूलाच चिकटून राहते, असे ते म्हणाले. नागपुरातील 'पुणे-लेखा-०७' नेमके हेच करीत असतो, आणि नवा भांडारपाल त्याला पुण्यात शोधत बसतो.

समानार्थता आणि अनेकार्थता या आपल्या शास्त्रातील जुन्या व्याधी येथेही आढळतात. एका लॅपटॉपला तारेच्या जोडणीचा एक मॅक पत्ता आणि बिनतारी जोडणीचा दुसरा असतो. अडाणी यंत्रणेच्या यादीत ती दोन उपकरणे होतात. टेबलावर कायम ठेवलेल्या जोडसंचाला अनेकदा स्वतःचा पत्ता असतो. त्यावर सकाळी एकाचा लॅपटॉप बसला आणि दुपारी दुसऱ्याचा, तर नोंदीत दोन्ही एकच. मोबाइलने तर टोपणनावेच घेतली आहेत : अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१९) आणि आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीपासून (२०२०) प्रत्येक बिनतारी जाळ्याला वेगळा, यादृच्छिक पत्ता सांगण्याची पद्धत पडली. परक्यांनी आपला माग काढू नये म्हणून केलेली ही सोय आहे. तीमुळे मालकाची हजेरीही बिघडते, हा तिचा आनुषंगिक परिणाम. उलट प्रकार पाहावयाचा तर, एका संगणकाची तबकडी जशीच्या तशी चाळीस संगणकांवर उतरविली आणि गुमास्त्याचे ओळखचिन्हही तिच्याबरोबर उतरले, की चाळीस यंत्रे एकाच नावाने 'ओ' देतात. मध्यवर्ती यादीत एकच संगणक क्षणाक्षणाला जागा बदलताना दिसतो. याहून मौजेचा प्रकार सुट्या भागांतून जुळविलेल्या संगणकांत आढळतो. त्यांच्या मुख्य फलकावर अनुक्रमांकाची जागा असते आणि तेथे 'हे निर्मात्याने भरावयाचे आहे' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य छापून ठेवलेले असते. जुळणाऱ्याने ते बदलले नाही, तर यंत्र तेच आपले नाव म्हणून सांगते. अर्जावर 'येथे नाव लिहा' असे छापलेले असावे आणि शेकडो अर्जदारांनी तेच आपले नाव मानावे, तसे हे.

चांगल्या यंत्रणा यावर उपाय करतात तो असा : एकाही नावावर विसंबू नये, अनेक नावांचा जुडगा घ्यावा आणि त्यातील बहुतेक जुळली तर वस्तू तीच मानावी. मुख्य फलक बदलला तर? तबकडी बदलली तर? कोणता भाग बदलल्यावर जुना लॅपटॉप संपून नवा सुरू होतो, याचे उत्तर पदार्थविज्ञानात नाही; ते कोणीतरी ठरवावे लागते, आणि घसाऱ्याचा हिशेब करणारा ते एक ठरवितो, सुरक्षेचा अधिकारी दुसरे.

हजेरीत उत्तर जितके महत्त्वाचे तितकेच मौनही. पाणिनीने न दिसण्यालाही 'लोप' ही संज्ञा दिली. त्यातील मर्म असे की, जेथे काही असण्याची अपेक्षा आहे तेथेच नसण्याला अर्थ येतो. रोज बोलणारा सर्व्हर दहा मिनिटे गप्प झाला तर ती घटना आहे. रजेवर गेलेल्या माणसाचा लॅपटॉप दहा दिवस गप्प असेल तर ती घटना नाही. मौनाचे कारण मौनात नसते : यंत्र बंद असेल, बिघडले असेल, चोरीस गेले असेल, किंवा कपाटात असेल. यंत्रणा फक्त 'अखेरचे दर्शन' आणि तारीख लिहू शकते. त्यापुढील शब्द, 'हरवले' किंवा 'लपविले', हा माणसाचा निष्कर्ष असतो. तो नोंदीच्याच रकान्यात, नोंदीच्याच अक्षरात छापला जातो, ही अडचण.

येथून आपण मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या साहित्यशास्त्रात लक्षणेचे एक परिचित उदाहरण आहे : मचाण ओरडत आहेत असे म्हटले म्हणजे मचाणांवरील माणसे ओरडत आहेत असे समजावयाचे. लक्षणेला शास्त्रकारांनी तीन अटी घातल्या. मुख्यार्थाचा बाध झाला पाहिजे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असला पाहिजे, आणि रूढी किंवा प्रयोजन असले पाहिजे. लाकडी मचाण ओरडू शकत नाही, म्हणूनच आपण माणसांकडे वळतो. आता नोंदीतील हे वाक्य घ्या : 'लॅपटॉप क्रमांक अमुक सकाळी १० वाजून २० मिनिटांनी जाळ्यात आला.' या वाक्याचा मुख्यार्थ अबाधित आहे. लॅपटॉप जाळ्यात खरोखरच येतो. तरीही वरिष्ठ ते वाक्य वाचतो आणि म्हणतो, 'हे आज वीस मिनिटे उशिरा आले.' संबंध आहे, प्रयोजनही आहे. पण पहिली अटच पुरी झालेली नाही. ही शास्त्राने ज्याला परवानगी दिली नाही अशी लक्षणा आहे. तो गृहस्थ नऊ वाजता येऊन ग्राहकाशी बोलत बसला असेल, कागदावर आकडेमोड करीत असेल, किंवा यंत्र सुरू होण्यापूर्वी सुधारित आवृत्ती उतरून घेण्यात वीस मिनिटे गेली असतील. नोंद यांपैकी कशाविषयीही बोललेली नाही. पगार कापला जातो तो न बोललेल्या वाक्यावर.

उपकरणावरून माणसापर्यंतची ही उडी किती लांब जाऊ शकते याचे प्रसिद्ध उदाहरण कंपनीतील नसून शाळेतील आहे, पण यंत्रणा तीच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन या शाळा-मंडळाने माध्यमिक विद्यार्थ्यांना सुमारे २३०० लॅपटॉप दिले होते. हरवलेले यंत्र सापडावे म्हणून त्यांच्या व्यवस्थापन-कार्यक्रमात एक सोय होती : ती चालू केली की यंत्राचा कॅमेरा दर १५ मिनिटांनी समोरचे चित्र टिपून पाठवी, आणि पडद्याचेही. चोर ओळखू यावा हा हेतू. एका विद्यार्थ्याला शाळेत त्याच्या घरातील छायाचित्र दाखवून जाब विचारण्यात आला, तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. चौकशीत अशी पन्नास हजारांहून अधिक चित्रे निघाली. सापडलेल्या यंत्रांवरीलही ही सोय कित्येकदा बंद करावयाची राहून गेली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये मंडळाने ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड केली. विचारले होते 'वस्तू कोठे आहे?' आणि उत्तर आले होते 'मूल आपल्या खोलीत काय करीत आहे?'.

भारतात या दोन प्रश्नांमधील रेषा आता विधिविषय झाली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बहुतेक कर्तव्ये त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद करण्यात आली. जिच्यामुळे किंवा जिच्या संबंधाने एखादी व्यक्ती ओळखता येते अशी तिच्याविषयीची माहिती, ही त्यातील वैयक्तिक माहितीची व्याख्या. याच अधिनियमात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभाही आहे. लॅपटॉपचा क्रमांक एकटा असताना या व्याख्येत बसत नाही. त्याच्या शेजारच्या रकान्यात कर्मचाऱ्याचे नाव लिहिले की तो, आणि त्याच्यापुढे साठत जाणारी प्रत्येक वेळ व प्रत्येक जागा, त्या व्याख्येत येते. एका रकान्याच्या जवळिकीने वाक्याचा कर्ता बदलतो.

म्हणून नोंदवहीच्या रकान्यांची नावे काय असावीत, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. 'वापरणारा' हा शीर्षशब्द असला की प्रत्येक घटना त्या माणसाची कृती होऊन बसते. आपल्या जुन्या कार्यालयीन भाषेतील 'ताबा' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे. वस्तू कोणाच्या ताब्यात दिली एवढेच तो सांगतो, तिने काय केले याचे कर्तृत्व त्याच्यावर लादीत नाही. तसेच 'उपस्थित' ऐवजी 'जाळ्यात दिसले', 'निष्क्रिय' ऐवजी 'कळफलकावर हालचाल नाही' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला निष्कर्ष काढण्यापूर्वी एक पायरी चढावी लागते.

शेवटी निर्लेखन. निकामी वस्तू नोंदवहीतून काढून टाकण्याला आपल्या शासकीय मराठीत हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे : लिहिलेले न-लिहिलेले करणे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे मोठ्या ग्राहकसंस्थांनी अशी उपकरणे नोंदणीकृत व्यावसायिकांकडेच सोपवावयाची असतात. तबकडी पुसली जाते, क्रमांकापुढे 'निर्लेखित' असा शेरा पडतो आणि यादीतील नाव मिटते. परंतु ते यंत्र तीन-चार वर्षे ज्याच्या ताब्यात होते त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या नोंदीत असतात आणि त्यांना निर्लेखनाचा शेरा लागत नाही. प्रयोजन संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवणे आवश्यक नसेल तर, अशी माहिती पुसावी असे २०२३ चा अधिनियम सांगतो. ज्या कंपन्या उपकरणांचे निर्लेखन करतात त्यांनी त्याच अर्जात या दुसऱ्या नोंदीसाठी एक रकाना वाढविला, तर काम तेथल्या तेथे होऊ शकते.